मागच्या खोलीतली संथा

रविवार, ६ ऑगस्ट १९३९

काल अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मासिक श्राद्ध झालं. पानं वाढून झाली तेव्हा तो पुन्हा फाटकापाशी उभा होता. आत आला नाही, हाक मारली नाही, नुसता उभा. गुंडाचार्य पानावर बसता बसता म्हणाले, "अंबक्का, तो बिळी आचार्य कशाला आलाय?" मी म्हटलं, ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही.

घरात आता बोलायला कोणी नाही, म्हणून शाळेतली एक कोरी वही काढली आहे. बाहेर बोललेलं आमच्या ह्या माळमड्डी वस्तीत संध्याकाळपर्यंत फिरून परत येतं. इथलं इथेच राहील.

त्याचं नाव वारगा लास्लो. त्यांच्यात आडनाव आधी सांगतात म्हणे. म्हणून पोस्टमन त्याला वारगा म्हणतो आणि कॉलेजातले लोक लास्लो. पोरं बिळी आचार्य म्हणतात. कानडीत बिळी म्हणजे पांढरा. देश हंगेरी. तिथली एम.ए.सारखी परीक्षा देऊन पुढे संस्कृतावर मोठा प्रबंध लिहायला तो इकडे आला. दोन वर्षांपूर्वी कॉलेजातल्या एका प्रोफेसरांनी त्याला अप्पांपुढे आणून बसवलं. अप्पा ओसरीवर त्याला व्याकरण सांगायचे, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. मराठीही तो अप्पांकडूनच शिकला, म्हणून बाजारात "शाक आहे का, शाक?" असं विचारायचा आणि भाजीवाल्या पदर तोंडाला लावायच्या. तोवर त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या दिवाळीपासून ते दोघे मागच्या खोलीत बसायला लागले. दार लावून, मी शाळेत असेन त्या वेळात. एकदा शाळा लवकर सुटली. माझ्या हाताने फाटक वाजलं आणि आतला आवाज थांबला. अप्पा बाहेर येऊन म्हणाले, "काही नाही, विभक्त्या चालल्या होत्या." विभक्त्यांना दार कशाला लावावं लागतं? अप्पा माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते. मी पुढे काही विचारलं नाही, आणि जूनमध्ये अप्पा गेले.

आज तो ओसरीपर्यंत आला. "अक्का, मागच्या खोलीत थोडा वेळ बसू का?" मी म्हटलं, खोली झाडलेली नाही. सकाळीच झाडली होती.

रविवार, १३ ऑगस्ट

वादी हुबळीहून आला होता. वादिराज माझा धाकटा भाऊ, तिकडे वकिली करतो. चहाचा कप ठेवायच्या आधीच म्हणाला, "अक्का, त्याला घरात घेत नाहीस ना?"

"नाही."

"अप्पांनी त्याला काही दिलंबिलं नाही ना?"

"पोथ्या सगळ्या आहेत. काल गाठोडी सोडून पाहिली. फडकी माझ्या हातची आहेत, गाठीही माझ्याच."

"मग एवढे महिने दार लावून करत काय होते?"

"तू विचारायचंस त्यांना."

"मी विचारलं असतं तर मलाच पुन्हा संथा द्यायला बसले असते." असं म्हणून तो हसला. मुंज झाल्यावर अप्पांनी त्याला वेदाच्या संथेला बसवलं होतं. संथा म्हणजे गुरूने एकदा म्हणायचं आणि शिष्याने त्याच्यामागे तसंच म्हणायचं, पाठ होईपर्यंत. वर्षभरात वादी कंटाळला. सकाळी लघवीला म्हणून उठायचा तो परत यायचाच नाही. मी शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत असायचे.

जाताना खरं काय ते बोलला. त्याच्या मुलीचं, विमलचं, बेळगावच्या एका घरी ठरत आलं आहे. घर सोवळ्याओवळ्याचं कडक. "बाळाचार्यांची नात म्हणून हो म्हणताहेत, अक्का. माझी वकिली बघून नाही. अप्पांच्या नावाला कुठून काही लागता कामा नये."

मला हे पटलं. पोथ्या जागेवर आहेत याने मात्र बरं वाटायच्या ऐवजी जास्तच खुपलं. चोरी झाली असती तर निदान काय गेलं ते कळलं असतं.

सोमवार, ४ सप्टेंबर

काल मासिक, आणि कालच संध्याकाळी लढाई लागल्याची बातमी आली. आज शाळेतून येताना शेजारच्या मथुराबाईंनी कट्ट्यावरून हाक मारली.

"अंबूताई, तुम्ही भूगोल शिकवता. हंगेरी जर्मनीतच येते ना?"

"नाही. वेगळा देश आहे."

"लांब?"

"लागून. ऑस्ट्रिया जर्मनीने घेतल्यापासून अगदी लागून."

"म्हणजे भिंतीला भिंत?"

"हो."

"मग झालंच की. आमच्या भिंतीपलीकडे काय फोडणीला पडलंय ते आम्हाला इथे बसून कळतं. ह्यांना जर्मनीचं कळत नसेल?"

कट्ट्यावरच्या सगळ्या हसल्या. हंगेरी लढाईत नाही, हे मी सांगायला हवं होतं. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तो कालही फाटकापाशी येऊन गेला.

मंगळवार, १२ सप्टेंबर

सखूबाई आमच्याकडे भांडी घासते आणि त्याच्याही खोलीचं झाडलोट-धुणं करते. अळणावरकडची आहे, तोंड थांबत नाही. मी काही न विचारता राख हातात घेऊन सुरू झाली.

"अक्कासाब, तुमच्या त्या बिळ्या आचार्याला भुताचा झपाटा हाय बगा. दुपार कलली की सायकल काढतो नि सुटतो रायापूरच्या अंगाला. दिस मावळताना येतो. धोतराला ही कुसळं. काढता काढता माजी बोटं सोलली."

"रायापूरला काय आहे?"

"रूळ हाईत, ओढा हाय, गुरं हाईत. गुरं राखायला तर जात नसंल."

रूळ हा शब्द मला टोचला. हल्ली हेरांच्या धास्तीने सगळ्यांच्याच तोंडी रूळ, पूल आणि तारा असतात.

"आणि अप्पासाब गेले तवा तीन दिस भुईवर निजला. येक डाव जेवायचा, त्येबी अळणी. दाढी न्हाई का काय न्हाई. म्या म्हनलं, ताप आलाय का? बोलला न्हाई. चौथ्या दिशी आंघूळ करून माणसात आला."

हे ऐकून मी भांडी मोजल्यासारखं केलं आणि आत आले.

अप्पांचं सुतक मला तीनच दिवस होतं. लग्न झालेल्या मुलीला बापाचं तीन दिवस. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, त्या घरातलं कोणी मला रस्त्यात ओळखणार नाही, पण गोत्र तिकडचं. वादीला दहा दिवस. चौथ्या दिवशी न्हाऊन मी चुलीशी गेले आणि वादी मागच्या खोलीत घोंगडीवर बसून होता. तेव्हा मी काही बोलले नाही. नियम आहे तो आहे.

पण ह्या माणसाला तीन दिवस कोणी सांगितले? माझं पाहून नक्कल केली काय? नकला करून आमच्यातलाच एक होऊन बसायचं, असा तर बेत नसेल?

रविवार, २४ सप्टेंबर

वादीकडे जाते असं मथुराबाईंना सांगून हुबळीच्या सर्व्हिस मोटारीत बसले आणि रायापूरला उतरले. आयुष्यात असं कधी केलं नव्हतं. गाडीवाटेने ओढ्याकडे गेले. रूळ तिथून पुष्कळ लांब आहेत. बाभळीला सायकल टेकवलेली होती. तो दिसायच्या आधी आवाज आला.

अप्पा म्हणत होते.

दुसरं कसं लिहू? स्वर अप्पांचे, चढ अप्पांचे, शेवटचं अक्षर सोडायची रीत अप्पांची. मी झुडपाशी थांबले. मग तो दिसला, पूर्वेकडे तोंड करून मांडी घालून बसलेला, उघडा, उन्हाने लाल. वेद म्हणत होता. व्याकरण नाही, काव्य नाही, वेद. अप्पा रोज पहाटे म्हणायचे तेच सूक्त.

एका जागी तो थांबला. ओळीच्या मध्येच, जिथे थांबायचं कारण नाही. एक श्वास घेतला आणि पुढे गेला. पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं आणि पुन्हा बरोबर तिथेच थांबला.

मला ते लगेच कळलं. गेल्या थंडीत अप्पांचा दमा वाढला. त्याआधी ती ओळ ते एका दमात म्हणायचे. दिवाळीनंतर त्यांना तिथे श्वास पुरेना. ह्याला वाटलं तोही धड्यातलाच भाग. गुरूने म्हटलं तसं म्हणायचं, म्हणून अप्पांचा दमासुद्धा हा रोज उन्हात बसून घोटतो आहे.

माझे ओठ हलत होते, हे मला उशिरा कळलं. पदर तोंडावर घेतला आणि वाटेला लागले. त्याने पाहिलं नाही.

सोमवार, २५ सप्टेंबर

शाळेत लक्ष लागलं नाही. नकाशावर पोरींनी गोदावरी महानदीला नेऊन मिळवली आणि मी बरोबर म्हटलं.

मी अकरा-बारा वर्षांची असेन. वादीची संथा चालली होती आणि तो अडला. मी तांदूळ निवडता निवडता पुढचं म्हणून गेले. अप्पा दारात आले. रागावले नाहीत. म्हणाले, "अंबू, ते तुझं नाही." त्यानंतर मी कधी म्हटलं नाही. बायकांनी वेद म्हणू नये हे मलाही ठाऊक होतं.

त्याच अप्पांनी पुढे माझे केस राहू दिले, लोकांची बोलणी खाऊन मला ट्रेनिंग कॉलेजात घातलं, मास्तरीण केलं. ह्याबद्दल मी त्यांना कधी दोष दिला नाही, आजही देत नाही.

पण मुंज नाही, गोत्र नाही, समुद्रापलीकडचा माणूस, त्याचं ते कसं झालं?

बाहेर कळलं तर काय होईल ते वादीने वेगळं सांगायला नको. अप्पांच्या श्राद्धाला ब्राह्मण मिळणार नाही आणि विमलचं मोडेल. मी कोणाला सांगणार नाही. त्याच्यासाठी नाही, अप्पांसाठी.

बुधवार, ४ ऑक्टोबर

काल मासिक, आज फौजदार. भीमराव म्हणून नवे फौजदार आले आहेत. सभ्य आहेत, वहाणा बाहेर काढून ओसरीवर बसले.

"बाई, तुमच्या वडिलांकडे तो हंगेरीवाला शिकत होता म्हणतात. काय शिकत होता?"

"व्याकरण."

"व्याकरणासाठी रायापूरच्या ओढ्यात जावं लागतं? तक्रार आली आहे की रूळ बघत बसतो. मी त्याला विचारलं. म्हणतो, धडा म्हणतो. कसला धडा, तर सांगत नाही. गुरूंची परवानगी नाही म्हणतो. गुरू कोण, तर तुमचे वडील. ते तर वारले. आता मी परवानगी कुठून आणू?"

"तक्रार कोणी केली?"

"नाव नाही. हुबळीहून टपालाने आली."

हुबळीत त्याला ओळखणारं कोण आहे, कळत नाही.

फौजदार म्हणाले, खरा विद्यार्थी आहे असं खात्रीचं कोणी सांगितलं नाही तर त्याला नगरच्या छावणीत पाठवावं लागेल. तिथे जर्मन लोक ठेवले आहेत. लढाई संपेपर्यंत. "तुम्हाला त्या धड्याबद्दल काही माहीत आहे?"

मी म्हटलं, नाही.

रविवार, ८ ऑक्टोबर

वादी आला. आल्या आल्या म्हणाला, "फौजदारांना तू काय सांगितलंस?"

"व्याकरण म्हटलं."

"बरं केलंस. तेवढ्यावरच राहा. अक्का, एक परका माणूस जाईल. त्याला तिथे खायला घालतील, पुस्तकं देतील. आपल्याला इथे राहायचंय."

"त्याने काही केलं नसलं तर?"

"केलं नसलं तर लढाईनंतर सोडतील." मग म्हणाला, "दार लावून जे काय चाललं होतं ते त्याच्याबरोबर गावाबाहेर गेलं, म्हणजे बरं."

त्याच्यासाठी थालीपीठ लावलं. तो गेल्यावर तवा घासताना मनात आलं, फौजदार आल्याचं मी त्याला कळवलं नव्हतं. मथुराबाईंनी सांगितलं असेल. पण मथुराबाई कुठे हुबळीला जातात?

बुधवार, ११ ऑक्टोबर

शाळेतून आले तर तो पायरीवर बसलेला. दाढी नीट, अंगात धुतलेला सदरा. उठून उभा राहिला.

"अक्का, मी निरोप घ्यायला आलो. सोमवारी फौजदार निर्णय करतील."

मी त्याला ओसरीवर बसवलं. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा.

"अप्पा तुम्हाला मागच्या खोलीत काय शिकवत होते?"

"व्याकरण."

"खोटं बोलता."

"होय. असत्य." तो अप्पांसारखाच छापील मराठी बोलतो. मान खाली घालून म्हणाला, "आचार्यांची आज्ञा होती. विशेषतः तुम्हाला सांगू नये अशी."

"मी रायापूरला आले होते. ऐकलं."

 तो अंगणातल्या पारिजातकाकडे पाहत राहिला.

"मग फौजदारांना का सांगत नाही? सुटाल की."

"गावात कळले तर दोष आचार्यांना लागेल. ते उत्तर द्यायला नाहीत. आणि रोज म्हटले नाही तर मी विसरेन, म्हणून रायापूर."

"तीन दिवस भुईवर निजलात ते कशाला?"

"वेद देणारा गुरू गेला तर शिष्याला तीन रात्रींचे सुतक असते. आचार्यांनीच सांगितले होते. त्यांना ठाऊक होते, फार दिवस नाहीत."

म्हणजे माझी नक्कल नव्हती. मला का कोण जाणे, तेही आवडलं नाही.

"तुम्हालाच का शिकवलं?"

"मी विचारले होते. म्हणाले, शिकायचे तर शीक, कारण विचारू नकोस. फार रागवायचे, अक्का. मी एका जागी नेहमी अडायचो. तेव्हा म्हणायचे, इथे अंबू असती तर अडली नसती." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "मला वाटले, तुम्हाला आधी शिकवले असेल."

"नाही."

"मग?"

"भिंत पातळ आहे," मी म्हटलं आणि दिवा लावायला उठले.

तो गेल्यापासून विचार करते आहे. मला फौजदारांपुढे उभं करायचं म्हणून हे बोलला असेल. गरजवंत माणूस काहीही बोलतो. पण हे वाक्य बाहेरच्या माणसाला रचता येईल का? अप्पा ज्या सुरात म्हणाले असतील तो सूरसुद्धा त्याने आणला होता.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

काल शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. फौजदारांनी जबानीला बोलावलं होतं. खोलीत ते स्वतः, एक हवालदार, आणि गुंडाचार्य. संस्कृत जाणणारं कोणी हवं म्हणून त्यांना आणलं होतं. गुंडाचार्य अप्पांचे बालमित्र आणि माळमड्डीत त्यांचा शब्द शेवटचा. तो भिंतीशी उभा होता. वादी माझा वकील म्हणून येऊन बसला. मी बोलावलं नव्हतं.

गुंडाचार्यांनी त्याला व्याकरणातलं विचारलं. त्याने सगळं सांगितलं.

"हे छापील पुस्तकातून येतं," गुंडाचार्य म्हणाले. "ओढ्यात काय म्हणतोस ते सांग. गुराखी सांगतात, सूर लावून म्हणतो."

त्याने मान खाली घातली. फौजदार माझ्याकडे वळले. "बाई, शेवटचं विचारतो. तुम्हाला काही ठाऊक आहे?"

वादी म्हणाला, "अक्काला यातलं काही माहीत नाही. ती त्या वेळी शाळेत असायची."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला ती वेळ मी कधी सांगितली होती, आठवेना. कदाचित सांगितली असेन.

"अप्पांनी त्याला वेदाची संथा दिली," मी म्हटलं. "तेच तो म्हणतो. ह्यापलीकडे रायापूरला तो काही करत नाही."

 मग गुंडाचार्य शांतपणे म्हणाले, "बाळाचार्य असं करणार नाहीत. अंबक्का, तू त्याला वाचवायला बापाला बुडवतेस."

"म्हणायला सांगा त्याला."

तो म्हणेना. मी म्हटलं, "म्हणा. परवानगी मी देते." मला कसला अधिकार, पण त्याने माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि सुरू केलं.

गुंडाचार्यांचा चेहरा पहिल्या ओळीलाच बदलला. नंतर ती जागा आली. तो थांबला, श्वास घेतला. गुंडाचार्यांनी हात वर केला.

"पुरे. साहेब, इथे कुठल्याच परंपरेत थांबत नाहीत. बाळाचार्यांसारख्या माणसाने हे शिकवणं शक्य नाही. ह्याने कुठली तरी तबकडी ऐकून पाठ केलंय. गुरुबिरू सगळं खोटं."

त्याचं तोंड पांढरं पडलं. त्याला काय चुकलं तेच कळेना. अप्पांनी जसं दिलं तसंच त्याने ठेवलं होतं.

"तो अप्पांचा दमा आहे," मी म्हटलं. "गेल्या थंडीपासूनचा. त्याआधी ते तिथे थांबत नव्हते."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मी ऐकलंय."

"ऐकणं वेगळं, अंबक्का."

मला अजून समजत नाही मी ते कसं केलं. उभीच होते. त्या ओळीच्या आरंभापासून धरलं आणि न थांबता पुढे गेले, अप्पा माझ्या लहानपणी म्हणायचे तसं. आवाज पहिल्यांदा फाटला, मग स्थिरावला. सूक्त संपेपर्यंत म्हटलं. हवालदाराने मध्येच हात जोडले होते. वादी जमिनीकडे पाहत होता.

गुंडाचार्य बराच वेळ उपरण्याने डोळे पुसत राहिले. मग फौजदारांना म्हणाले, "लिहून घ्या. हे बाळाचार्यांचंच आहे. आम्ही दोघं तरुण होतो तेव्हाचं. हा मनुष्य त्यांचा शिष्य आहे, मी सांगतो."

त्यांनी सही केली, काठी घेतली आणि दारापाशी माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या मासिकाला दुसरं कोणी बघा."

फौजदारांनी त्याला सोडलं. दर आठवड्याला कचेरीत हजेरी लावायची आणि रायापूरला पाऊल टाकायचं नाही.

रविवार, २९ ऑक्टोबर

वादी आला नाही. चिठ्ठी आली: बेळगावची माणसं विचार करून कळवतो म्हणाली आहेत, आणि मासिक तो हुबळीतच उरकून घेईल. मी उत्तर लिहिलं, बरं. विमलसाठी जीव तुटतो.

कट्ट्यावर मी गेले की बोलणं भाजीवर येतं. मथुराबाईंनी एकदा विचारलं, "अंबूताई, खरंच तुम्हाला सगळं येतं?" मी म्हटलं, ऐकलेलं आहे. त्या जवळ सरकून हळूच म्हणाल्या, "कसं हो वाटलं म्हणताना?" 

गुरुवार, २ नोव्हेंबर

आज अप्पांची तिथी. कोणी येणार नव्हतं. तरी पहाटे उठून न्हाले, भात-वरण केलं, एक पान अप्पांचं म्हणून मांडलं आणि कावळ्याला ठेवलं.

तो फाटकापाशी उभा होता, नेहमीसारखाच. मी बघत राहिले. तो इथे का येतो हे मला अजून पूर्ण कळलेलं नाही. सूक्त तर त्याला मिळालं आहे, प्रबंध होईल, तो जाईल. एवढ्यासाठी कोणी दर महिन्याला फाटकाशी उभं राहतं?

"आत ये," मी म्हटलं.

मागच्या खोलीत अप्पांचं घोंगडं अजून तिथेच आहे. त्यावर तो बसला नाही, समोर बसला. मी शेजारच्या खोलीच्या भिंतीला टेकून बसायला गेले आणि परत आले. इथेच बसले.

"रायापूर बंद झाल्यापासून म्हटले नाही," तो म्हणाला. "मनातल्या मनात म्हणतो. दार लावू?"

"नको."

त्याने हात गुडघ्यांवर ठेवले. मग विचारलं, "अक्का, आता मला ठाऊक आहे की तो दमा होता. तिथे थांबायचे की थांबायचे नाही?"

 बाहेर सखूबाईच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

"तू थांब," मी म्हटलं. "तुला अप्पांनी तसं दिलंय. मी थांबणार नाही."

आम्ही सुरू केलं. ती जागा आली. तो थांबला, आणि तेवढा वेळ खोलीत माझा एकटीचा आवाज होता.